फळी हिरवी, पण किती हिवाळे?

१९६५ सालचा नाताळ. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मस्कीगन नावाच्या गावी शर्मन पॉपेन या गृहस्थाने आपल्या मुलींना खेळायला म्हणून स्कीच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून जोडून टाकल्या. मुली त्यावर उभ्या राहून घराजवळच्या टेकाडावरून घसरू लागल्या आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांना तसलीच फळी हवीशी झाली. पॉपेनच्या पत्नीने, नॅन्सीने, ‘स्नो’ आणि ‘सर्फ’ एकत्र करून तिला नाव दिलं स्नर्फर. पुढे ब्रन्सविक कंपनीने ही फळी वाकवलेल्या प्लायवूडची करून बाजारात आणली आणि ती लाखोंनी खपली. तिला पोलादी कड नव्हती की पाय जखडायचे पट्टे नव्हते. पुढच्या टोकाला एक दोरी, ती धरायची आणि तोल सांभाळायचा, एवढंच.

बारा वर्षांनी, १९७७ मध्ये, जेक बर्टन कार्पेंटर या तरुणाने व्हरमाँट राज्यात स्वतःच्या फळ्या करायला घेतल्या, तेव्हाही त्याच्या हाती लाकूडच होतं. चिकटवायचं, वाकवायचं, तासायचं, टेकडीवर नेऊन घसरायचं आणि मोडलं की पुन्हा कामाला लागायचं. त्याही आधीपासून, तुर्कस्तानात काळ्या समुद्राकडच्या रिझे प्रांतातले डोंगराळ गावकरी एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन लाकडी फळीवरून बर्फाचे उतार उतरत आले आहेत. बाप मुलाला शिकवतो, मुलगा नातवाला. तिथे त्याला कुणी खेळ म्हणत नव्हतं, हिवाळ्यात ये-जा करायची ती एक रीत होती.

हे सगळं आठवायचं कारण एकच. गेल्या काही वर्षांत ‘पर्यावरणपूरक लाकडी स्नोबोर्ड’ असं लेबल दुकानांतून दिसू लागलं आहे आणि ते वाचणाऱ्याला वाटतं, आता कुठे लाकूड आलं. वस्तुस्थिती अशी की लाकूड कधी गेलंच नव्हतं. आजच्या बहुतेक चांगल्या स्नोबोर्डचा गाभा लाकडाचाच असतो. पॉप्लर, पावलोनिया, बीच, अ‍ॅश, कधी बांबू. या लाकडाच्या अरुंद पट्ट्या उभ्या धारेवर एकमेकींना चिकटवून गाभा करतात. हलक्या पट्ट्या मधे, चिवट पट्ट्या पायाखाली आणि कडेला. पॉप्लर मराठी घरालाही परकं नाही. हरियाणातल्या यमुनानगरचा प्लायवूड धंदा शेताच्या बांधावर लावलेल्या पॉप्लरवर उभा आहे. अंबरनाथमध्ये जिच्या नावाचा नाका आजही ओळखीचा आहे, त्या विमको कंपनीने काडेपेटीच्या काड्यांसाठी उत्तरेतल्या शेतकऱ्यांना पॉप्लरची रोपं लावायला लावली होती. लवकर वाढणारं, मऊ, सरळ रेषांचं हे लाकूड. त्यामुळे ते कापल्याने जंगल उजाड होतं असं सरसकट म्हणता येत नाही. ते कुठून आलं, त्या जागी पुन्हा काय लावलं, हे विचारता मात्र येतं, आणि विचारायलाच हवं.

खरी अडचण लाकडाच्या वर-खाली आहे. गाभ्याच्या दोन्ही अंगांना काचतंतूंचं कापड, ते भिजवायला इपॉक्सी राळ, तळाला पॉलिथिलीनचा गुळगुळीत थर, चहूबाजूंनी पोलादाची बारीक कड, कडेच्या भिंतीला प्लास्टिक आणि वर चित्र छापलेला नायलॉनसारखा थर. ही सगळी चळत गरम दाबयंत्रात घातली की तिचा एकजीव ठोकळा होतो. नेमकी इथेच मेख आहे. एकदा घट्ट झालेली इपॉक्सी ना वितळते, ना विरघळते. फळी मोडली की त्यातलं चांगलं लाकूड, चांगलं पोलाद, चांगलं प्लास्टिक काहीच सुटं करता येत नाही. सगळं एकत्रच कचऱ्यात जातं.

या अडचणीवर प्रामाणिकपणे काम करणारे लोक आहेत आणि त्यांचं कौतुक करायला हवं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मर्विन कंपनीने, म्हणजे लिब टेक आणि ग्नू या फळ्या करणाऱ्यांनी, वरच्या थरासाठी एरंडाच्या बियांपासून केलेलं प्लास्टिक वापरलं. एरंडेल म्हणजे आपल्याकडे आजीच्या फडताळातली बाटली. जगाच्या बाजारातल्या एरंडेलाचा मोठा हिस्सा भारतातून, त्यातही गुजरातेतून जातो. जोन्स कंपनीच्या काही फळ्यांत कंप शोषून घ्यायला जवसाच्या देठाचे तंतू बसवलेले असतात. विदर्भात जवस पेरतात ते तेलासाठी आणि चटणीसाठी. युरोपात त्याच्याच ताटाचं सूत निघतं आणि ते बर्फावर जातं. ऑस्ट्रियातल्या फाइस्ट्रिट्झ गावातला कॅपिटा कंपनीचा कारखाना जलविद्युतवर चालतो. सॉल्ट लेक सिटीच्या निश कंपनीने तर इपॉक्सी घट्ट करायला असं रसायन वापरलं, की ती राळ पुढे सौम्य आम्लात सुटी करता येते. लाकूड एकीकडे, तंतू दुसरीकडे आणि राळेचं पुन्हा वापरता येईल असं प्लास्टिक तिसरीकडे. हे तंत्रज्ञान पुढे मुंबईच्या आदित्य बिर्ला समूहाने विकत घेतलं. बर्फाशी दूरचाही संबंध नसलेल्या शहरातल्या एका उद्योगाकडे बर्फफळीच्या कचऱ्याचं एक उत्तर आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणाला ठाऊक नाही.

कॅलिफोर्नियाच्या आर्बर कंपनीचं उदाहरण जरा वेगळं. १९९५ साली सुरू झालेल्या या कंपनीची ओळखच फळीवरच्या कोआ लाकडाच्या पापुद्र्याने झाली. कोआ फक्त हवाई बेटांवर होतो. तांबूस, सोनेरी, मधाच्या रंगाचा. ज्या झाडाच्या देखणेपणावर आपण उभे राहिलो त्याची जंगलं पुन्हा उभी राहावीत म्हणून या कंपनीने हवाईमध्ये कोआ लावण्याच्या कामाला हातभार लावला. ही जाण चांगली आहे. पण अशा फळीवरही तो पापुद्रा केसभर जाडीचाच, त्याखाली राळ आहेच.

म्हणून मुद्दा असा की फळी हिरवी आहे की नाही हे ती घेताना अर्धंच ठरतं, उरलेलं ती किती हिवाळे चालते त्यावर ठरतं. जैविक राळेची महागडी फळी दोन हंगामांत फेकून दिली तर तिच्यापेक्षा साधी पण पंधरा हंगाम चाललेली फळी पृथ्वीला स्वस्त पडते. आणि चालवणं हे कंपनीच्या हातात कमी, वापरणाऱ्याच्या हातात जास्त. असं असताना या बाजाराचा सगळा जोर दरवर्षी नवं चित्र, नवा रंग, नवं नाव यांवर असतो. गाभा तोच, आकार जवळपास तोच, वरचं चित्र मात्र शिळं झालं म्हणून फळी जुनी ठरते. पर्यावरणाचं नाव घेणाऱ्या कंपन्यांनी सुधारणा करायला सुरुवात इथून केली पाहिजे. एकच नमुना तीन-चार वर्षं तसाच ठेवावा, कडेचे आणि तळाचे दुरुस्तीचे तुकडे विकावेत आणि फळीबरोबर निगेची माहिती खरेदीदाराच्या भाषेत द्यावी.

निगा म्हणजे तरी काय? बरंचसं काम आपल्याकडच्या कल्हईसारखं आहे. पितळेचं भांडं तापवायचं, कथील फिरवायचं, कापसाने पसरायचं, की आतला पृष्ठभाग पुन्हा वापरायला तयार. फळीच्या तळाचंही तसंच. पॉलिथिलीनचा तळ वरून काचेसारखा दिसला तरी त्यात बारीक छिद्रं असतात आणि त्यांत मेण मुरवावं लागतं. मेण संपलं की तळ, विशेषतः कडांजवळ, पांढुरका आणि रखरखीत दिसू लागतो. थंडीत ओठ फुटतात तसा. ही खूण दिसायची वाट पाहू नये. तीन-चार दिवस घसरून झाले की मेण द्यावं.

एका टेबलावर फळी उलटी ठेवलेली आहे असं समजा. खालून दोन लाकडी ठोकळे आणि पाय जखडायच्या बांधणीचे स्क्रू थोडे सैल केलेले, म्हणजे तापलेला तळ त्या जागी ओढला जाऊन खळगे पडत नाहीत. आधी मऊ फडक्याने धूळ, माती, डिंक पुसून घ्यायचा. मग एका हातात मेणाची वडी, दुसऱ्या हातात इस्त्री, टोक खाली. वडी इस्त्रीला टेकवली की मेणाचे थेंब टपटप पडू लागतात. नागमोडी रेघेत ते सगळ्या तळावर पाडून घ्यायचे आणि मग इस्त्री टोकापासून शेपटापर्यंत सावकाश, पण एका जागी न थांबता फिरवायची. इस्त्रीच्या मागे ओल्या मेणाची हातभर चमक राहते, ती बघता बघता मंद होत जाते. तेवढाच वेग बरोबर. मेणातून धूर निघाला तर इस्त्री जास्त तापली, लगेच बाजूला घ्यावी. अति उष्णतेने तळाची छिद्रं बुजतात आणि आतल्या राळेची पकडही सैल पडू शकते. मग फळी तशीच गार होऊ द्यायची. अर्धा तास, जमलं तर जास्त. घाई करणाऱ्याचं मेण इथेच वाया जातं. पूर्ण गार झाल्यावर प्लास्टिकच्या खरवडणीने, टोकाकडून शेपटाकडे, वरचं सगळं मेण काढून टाकायचं. मेणाचे पांढरे काप जमिनीवर पडतात, ते गोळा करून कचऱ्यात टाकायचे, अंगणात झाडायचे नाहीत. शेवटी ब्रश. नवख्याला वाटतं एवढं लावलं ते सगळं काढायचं कशाला? कारण काम करतं ते आत मुरलेलं मेण. वर राहिलेलं मेण उलट बर्फाला धरून ठेवतं.

मेण कुठलं, हा प्रश्न निगेइतकाच महत्त्वाचा आहे. स्कीच्या स्पर्धांत वर्षानुवर्षं फ्लोरिनयुक्त मेण वापरलं गेलं. ते पाणी आणि घाण दोन्ही झटकून टाकतं, म्हणून वेग वाढतो. पण त्यातली रसायनं निसर्गात मोडत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या साचत राहतात. स्वीडन-नॉर्वेकडच्या अभ्यासांत, बंद खोलीत दिवसभर हे मेण लावणाऱ्या तंत्रज्ञांच्या रक्तात या रसायनांचं प्रमाण सामान्य माणसांपेक्षा कितीतरी पट जास्त आढळलं. जागतिक स्की महासंघाने बंदीचा निर्णय २०१९ मध्ये घेतला आणि ती प्रत्यक्षात आली २०२३-२४ च्या हंगामात. हौशी माणसाला तर त्या वेगाची गरज कधी नव्हतीच. खनिज तेलातून निघणारं साधं पॅराफिन मेण त्यापेक्षा बरं, आणि सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून केलेलं मेण त्याहून बरं. तळाला लावलेलं मेण उतारावर झिजतं, बर्फात राहतं आणि उन्हाळ्यात पाण्याबरोबर वाहून जातं. काश्मीरमधल्या गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावरचा बर्फ वितळला की ते पाणी निंगल नाल्याने झेलमला जाऊन मिळतं. मेणाची वडी निवडताना खाली कुणीतरी ते पाणी पीत आहे एवढं लक्षात असावं.

लाकडी गाभ्याचा खरा शत्रू पाणी. दिवसभर घसरून आल्यावर फळी तशीच पिशवीत कोंबून गाडीच्या डिकीत टाकणं हा सर्वात मोठा आणि सर्वात सार्वत्रिक गुन्हा. कड रात्रीत गंजते. फडक्याने पुसून, उभी करून, खोलीच्या साध्या हवेत वाळवली की काम झालं. मात्र हीटरच्या किंवा शेगडीच्या अगदी जवळ ठेवू नये, कारण लाकूड, प्लास्टिक आणि पोलाद तापल्यावर सारखे फुगत नाहीत आणि मधली चिकटण ताणली जाते. कडेवर तांबूस डाग दिसलाच तर रबरी गंजदगडाने हलक्या हाताने घासून काढावा.

तळावरचा साधा ओरखडा हा दागिना समजून सोडून द्यावा. पण दगड लागून खोक पडली आणि आतून लाकडाचा पिवळसर रंग डोकावू लागला, तर त्या दिवसाचं घसरणं तिथेच थांबवावं. आत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, गोठताना फुगतं आणि थर उचकटू लागतात. पुढे लाकूड भिजून काळं पडतं. अशी खोक आधी पूर्ण वाळू द्यायची, एक दिवस, गरज पडली तर दोन. मगच ती इपॉक्सीने किंवा तळाच्याच प्लास्टिकच्या कांडीने भरायची. कांडी पेटवून तिचे थेंब खोकेत पाडतात, गार झाल्यावर पोलादी पट्टीने तासून तळाच्या पातळीत आणतात. टोकाला किंवा शेपटाला थर सुटले असतील तर मधे राळ सोडून, शिकंजा आवळून, एक दिवस हात न लावता ठेवायचं. दार सुजलं की रंधा मारणारा, पलंगाचा खूर सरस घालून बसवणारा कुठलाही सुतार हे काम पाहून समजेल. वरच्या लाकडी पापुद्र्याची कड उडाली असेल तर बारीक पॉलिशपेपर, चिमूटभर सरस आणि व्हार्निशचा एक हात पुरतो. नुसत्या लाकडाच्या, पट्टे नसलेल्या फळ्या मऊ ताज्या बर्फासाठी पुन्हा लोकप्रिय होत आहेत. त्यांना क्रिकेटच्या बॅटसारखी वागणूक द्यावी. लाकडाच्या तुटक्या टोकांतून, म्हणजे जिथे रेषा उघड्या पडतात तिथून, पाणी सर्वात आधी शिरतं. त्या जागांकडे आधी बघावं.

मराठी घरात ही फळी आता अगदीच अनोळखी राहिलेली नाही. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातली मराठी मुलं शनिवार-रविवारी टाहो तलावाभोवतीच्या उतारांवर जातात. मुंबई-पुण्याचे काही तरुण गुलमर्गला, औलीला जाऊन शिकून येतात आणि एखादा स्वतःची फळी घेऊनच परततो. त्याच्यापुढे अमेरिकेतल्या पुस्तिकेत न सापडणारा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे पावसाळा. जुलैच्या मुंबईत कपाटातले चामड्याचे पट्टे बुरशी धरतात, तिथे पोलादी कड काय टिकणार? उपाय साधा आहे. मार्चमध्ये घरी आल्यावर तळ साफ करून मेणाचा जाड थर द्यावा, तो कडांवरूनही ओसंडू द्यावा आणि यावेळी खरवडू नये. बांधणी काढून वेगळी ठेवावी. फळी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, आत दमटपणा अडकतो. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये, एप्रिल-मेत तिथे भट्टी असते. ओल धरणाऱ्या भिंतीलाही टेकवू नये. सुती चादरीत गुंडाळून, आतल्या कोरड्या खोलीत, पलंगाखाली आडवी ठेवलेली फळी डिसेंबरमध्ये जशीच्या तशी हाती येते.

बहुतेक भारतीय माणूस मात्र पहिल्यांदा बर्फावर उभा राहतो तो भाड्याच्या फळीवर. आणि तिथेच धोरणाचा प्रश्न येतो. गुलमर्गचा बर्फ आता गृहीत धरता येत नाही. २०२४ च्या जानेवारीत तिथले उतार उघडे पडले होते. २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा मार्चवर ढकलाव्या लागल्या. बर्फ पातळ असला की खालचे दगड वर येतात, आणि फळीच्या तळाला खोका पडतात त्या अशाच दिवसांत. म्हणजे बर्फ कमी होईल तसं मोडणं वाढणार आणि फळ्या तर बाहेरदेशाहून मागवाव्या लागतात. अशा वेळी दुरुस्ती ही तिथली गरज होऊन बसते.

गुलमर्गमध्ये केंद्र सरकारची स्की आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, दर हिवाळ्यात तिथे देशभरातून मुलंमुली शिकायला येतात. घसरायला शिकवतात तसं मेण द्यायला, खोक भरायला, कड घासायलाही त्यांना शिकवावं. पाठ्यक्रमात एक दिवस त्यासाठी राखून ठेवला तरी पुष्कळ होईल. श्रीनगर-अनंतनाग रस्त्यावर संगमजवळ विलोच्या बॅटी घडवणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या लाकडाच्या रेषा वाचत आली आहेत. रंधा, शिकंजा, सरस त्यांच्या हातातच आहे. त्यांतल्या तरुणांना हिवाळ्याचे तीन महिने फळ्यांच्या दुरुस्तीचं काम मिळालं तर भाड्याची फळी तीनऐवजी दहा हंगाम चालेल आणि पैसाही खोऱ्यातच राहील. भाडं आकारणाऱ्या दुकानांना परवाना देताना दुरुस्तीचं टेबल असल्याची अट घालायला खर्च फारसा येत नाही. ठोकळे, इस्त्री, खरवडणी, दोन शिकंजे, राळेची बाटली आणि वनस्पतिमेणाच्या वड्या. संध्याकाळी केबलकार बंद झाल्यावर, ओल्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवण्याऐवजी एकेक करून त्या टेबलावर आल्या, पुसल्या गेल्या, उलट्या करून तपासल्या गेल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकहून किंवा नागपूरहून आलेल्या एखाद्या मुलीच्या पायाखाली धड फळी असेल.